भाषेचा रकाना

महानंदा हल्ली दुपारचा डबा बसून खाते. आमच्या युनिटमध्ये ही मोठी बातमी आहे. मार्चपासून जूनपर्यंत ती उभ्यानंच खायची. एका हातात भाकरीची सुरळी, दुसऱ्या हातात मोबाईल आणि डोळे दाराकडे. अर्ध्या वेळा सुरळी तशीच डब्यात परत जायची. आता ती मांडी घालून बसते, शेंगाचटणीवर तेल ओतून घेते आणि वर माझ्या डब्यात डोकावून विचारते, "आज पण पिठलंच का अक्का?" तीन महिने मला हिच्या जेवणाची काळजी होती, आता हिला माझ्या जेवणाची लागली आहे. बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटतं.

आमचं युनिट शाळेचे गणवेश शिवतं. जुन्या यंत्रमागाची शेड आहे, माग गेले आणि शिलाई मशीन आल्या. मी, वच्छला, कटिंगच्या टेबलावर असते. महानंदा शेवटच्या चेकिंगला. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एक शर्ट पिशवीत पडत नाही. तिची पद्धत ठरलेली आहे: प्रत्येक बटण दोनदा ओढायचं, एकदा सरळ, एकदा तिरकं. मी म्हणते, "अगं, पोरं शाळेत जाऊन बटणं तोडणारच आहेत, तू हितंच कशाला तोडतीस?" तर म्हणते, "त्यांनी खुशाल तोडावीत की. आपल्याकडनं ढिलं जाऊ नये." सतरा वर्षं मी तिच्या शेजारी काढली आहेत. माझी सासू खाष्ट म्हणून भावकीत प्रसिद्ध होती, पण तिनंही माझ्या कामात एवढ्या चुका काढल्या नसतील.

मी टेंभुर्णीकडची. लग्न होऊन सोलापुरात आले. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा अजिंक्य पुण्यात नोकरीला. घरी मी आणि माझा टीव्ही. महानंदा अक्कलकोटच्या पलीकडची, कर्नाटकच्या शिवेला लागलेल्या गावची. घरात कानडी आणि शाळेत मराठी अशी वाढलेली. तिचा नवरा शिवराज टेम्पो चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेर. मुलगी वैष्णवी यंदा बारावीला होती. आणि आई, चंद्रव्वा. महानंदाला भाऊ नाही, म्हणून वडील गेल्यावर आई लेकीकडे आली. जावयाच्या घरी सासू म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडली, पण शिवराज सरळ माणूस. "माझी आई असती तर ठेवलीच असती की," एवढंच म्हणाला आणि तिच्यासाठी पलंग घेऊन आला.

चंद्रव्वाला मी प्रथम पाहिलं तेव्हा ती मोडकंतोडकं मराठी बोलायची. "बस की बाई", "च्या घे", इतपत. दोन वर्षांपूर्वी तिला विसरण्याचा आजार लागला. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरायची, मग गॅस, मग नातीचं नाव. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. मराठीसुद्धा त्यातच कधीतरी गेली, पण ती गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण घरात सगळे तिच्याशी कानडीतच बोलायचे. उंच, वाळकी म्हातारी, कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात दात एक नाही. उजवा हात सारखा थरथरायचा.

आणि मला बघितलं की म्हणायची, "उटा?"

आता आमच्या गावाकडं 'उठा'ला 'उटा'च म्हणतात. मी महानंदाकडे जायचे, पलंगाच्या कडेला टेकायचे, की म्हातारी समोर येऊन उभी. तो थरथरता हात खालून वर न्यायची आणि म्हणायची, "उटा?" मी उठायचे. काय करणार, घर तिचं, पलंग तिचा. बरं, म्हणायची तेही आदरानं. ऊठ नाही, उटा. एकदा मी पलंगावरून उठून खुर्चीत बसले, तर खुर्चीपाशी आली. "उटा?" मी चप्पल घातली आणि घरी गेले. महानंदा आत चहा टाकत होती, तिला दारातून ओरडून सांगितलं की काम आठवलं. तेव्हापासून मी तिच्या घरी गेले तरी उंबऱ्याच्या आत फारशी टेकले नाही. महानंदाजवळ मात्र अवाक्षर काढलं नाही. आधीच आईपायी जिचं डोकं उठलंय, तिला कुठं सांगायचं की तुझी आई मला हाकलते म्हणून? पण मनात राग होता. हिच्या लेकीसाठी मी जीव टाकते आणि ही मला घडीभर बसू देत नाही.

मार्चमध्ये खरा घोर लागला. शिवराज गाडीवर, वैष्णवी परीक्षेला, महानंदा युनिटमध्ये. आजीकडे शेजारीण बघत होती. तिचा जरा डोळा लागला आणि चंद्रव्वा बाहेर पडली. दुपारी पावणेदोनला महानंदाला ट्रॅफिक पोलिसाचा फोन आला. नंबर त्याला मिळाला पदरावरून. गणवेशावर शाळेचं नाव शिवतात, तसा महानंदानं आईच्या प्रत्येक लुगड्याच्या पदराला आपला फोन नंबर शिवून ठेवला होता. आम्ही माझ्या स्कूटीवरून गेलो. चंद्रव्वा सात रस्त्याच्या चौकात होती, भर उन्हात, अनवाणी.

"सिग्नलला गाडी थांबली की जवळ जात होत्या," पोलीस म्हणाला. "हात वर करून म्हणायच्या, उटा. एक जण खरंच उतरला की गाडीवरनं."

मी मनात म्हटलं, घ्या. मला एकटीला उठवून भागेना, आता अख्खं सोलापूर उठवायला निघाली. महानंदाचं त्याच्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. ती रस्त्यावर बसून आईचे तळवे बघत होती. डांबरानं फोड आले होते.

त्यानंतर ती बाहेरून कुलूप लावायला लागली. पहाटे साडेचारला उठायचं, स्वयंपाक, आईची अंघोळ, वैष्णवीचा डबा, आईला भरवणं नाही पण समोर बसणं, मग कुलूप. दुपारच्या सुट्टीत माझी स्कूटी घेऊन मीच तिला घरी सोडायचे, ती वीस मिनिटांत परत. शेजारणीनं हात वर केले होते आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आठवडाभरानं महानंदा शर्टाची कॉलर बघता बघता म्हणाली, "अक्का, आज कुलूप काढलं तर अव्वा दाराला कान लावून बसलेली. कोंबडी डालावी तशी डालतीया मी आईला."

मी म्हटलं, "आश्रम बघू."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या कटिंगमधल्या चुका मात्र दुप्पट निघाल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रविवारी स्कूटी हाय का तुमची?"

एप्रिल-मे म्हणजे आमचा हंगाम. जूनमध्ये शाळा उघडतात, तोवर श्वास घ्यायला फुरसत नसते, रविवारीही अर्धा दिवस काम. उरलेल्या अर्ध्यात आम्ही सोलापूरच्या चारी रस्त्यांनी फिरलो. गावाकडच्या चुलतभावाला बातमी कशी लागली कोण जाणे, त्याचा फोन आला. लेकीनं आईला आश्रमात घातली म्हटल्यावर गावात तोंड कसं दाखवायचं, वगैरे. महानंदानं शांतपणे विचारलं, "मग तुमच्याकडं नेता का अण्णा?" त्याची रेंज गेली. ती आजतागायत आलेली नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आश्रम बघायची तिची रीत चेकिंगचीच. तिथला माणूस सोयी सांगत असायचा आणि ही नळ ओढून बघायची, खिडकीची कडी ओढून बघायची, पलंगाचा कठडा, संडासातली धरायची दांडी, सगळं दोनदा. एका ठिकाणी पुढं काचेची दारं, कारंजं, आणि मागच्या अंगाला गेलो तर मुताचा वास. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. एका ठिकाणी महिन्यातून एकदाच भेटायची परवानगी. तिथं महानंदानं नळसुद्धा ओढला नाही, सरळ स्कूटीवर येऊन बसली. दुसऱ्या एका ठिकाणी सगळं छान होतं, पण जागा नव्हती. "जागा झाली की कळवतो," ते म्हणाले. जागा कशी होते ते दोघींनाही कळलं. मला त्या दिवशी अजिंक्यची फार आठवण आली. उद्या तो माझ्यासाठी असा फिरेल का, आणि फिरलाच तर नळ ओढून बघेल का?

शेवटी विजापूर रोडवरचं एक ठिकाण पास झालं. स्वच्छ, हवेशीर, कड्या घट्ट. मॅनेजर ऋतुराज तरुण होता, पण म्हाताऱ्यांशी वाकून बोलायचा. "पंधरा दिवस ठेवून बघा मावशी," तो म्हणाला, "मग ठरवा." महानंदानं तिथंच बसून फॉर्म भरला. नाव, वय, औषधं, पथ्य, भाषा, सवयी. तिचं अक्षर सुरेख आहे. एकही रकाना मोकळा सोडला नाही.

आईला सोडून निघताना ती रडली नाही. लुगड्यांची पिशवी दिली, पदराचा नंबर दाखवला, आणि फाटकाची कडी जाता जाता एकदा ओढून बघितली.

पहिले चार दिवस मी तिला सांगत होते, बघ, आता तरी नीट झोप. पण ती मोबाईल हातातून सोडेना. पाचव्या दिवशी ऋतुराजचा फोन आला, आजी नीट जेवत नाहीत. सातव्या दिवशी, आजी इतरांना त्रास देतात. रविवारी आम्ही भेटायला गेलो तर चंद्रव्वाचं ब्लाउज खांद्यावरून ओघळत होतं. महानंदानं मापाच्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाली, "दोन इंच." तिच्या हातून आई भाताचे चार घास जेवली.

दहाव्या दिवशी, डब्याच्या सुट्टीत फोन वाजला. महानंदाचे हात तेलकट होते म्हणून मी स्पीकर लावला. ऋतुराज फार संकोचून बोलत होता. "मावशी, जेवणाच्या वेळी आजी एकेका आजींसमोर जाऊन उठा उठा म्हणतात. त्या बिचाऱ्या ताटावरून उठतात. काल एक आजी पडता पडता वाचल्या. म्हणून यांचं ताट आम्ही वेगळ्या खोलीत देतोय, पण त्या हात लावत नाहीत. काय करायचं, तुम्हीच सांगा." महानंदा म्हणाली, बघते. फोन बंद झाला.

मला राहवलं नाही. "त्या पोराचं काय चुकलं?" मी म्हटलं. "तुझी आई मलापण तेच म्हणते. दोन वर्षं झाली. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"काय म्हणती?"

"उटा म्हणते."

"नीट सांगा अक्का. कशी म्हणती?"

मी उभी राहिले. उजवा हात चंद्रव्वासारखा थरथरवत खालून वर नेला आणि म्हटलं, "उटा?"

महानंदा माझ्या हाताकडं बघत राहिली. "मग तुमी काय करता?"

"काय करणार? उठते आणि घरी जाते."

तिनं डबा बाजूला ठेवला. तिचा चेहरा असा झाला की हसते की रडते तेच कळेना. मग म्हणाली, "अक्का, ते उटा न्हाई. ऊटा. कानडीत ऊटा म्हंजे जेवण. 'ऊटा आतेन?' म्हंजे जेवण झालं का. तिच्यानं आता पुढचं बोलवत न्हाई, निस्तं ऊटा म्हणती. आणि हात वर न्हाई करत ती. घास दाखवती. हात तोंडापातूर पोचत न्हाई तिचा, जेवताना तोंडच हाताकडं नेती."

मी उभी होते ती मटकन बसले. दोन वर्षं ती बाई मला जेवलीस का विचारत होती आणि मी तिच्या तोंडावर उठून जात होते. लाज वाटली म्हणणं कमी आहे.

महानंदा बोलतच होती, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. "गावाकडं बावीस माणसांचं घर व्हतं आमचं. अव्वा वाढायची. एकेकाला इचारायची, ऊटा आतेन? सगळ्यांनी 'आतव्वा', म्हंजे झालं अव्वा, म्हटल्याबिगर हिनं कदी ताट घेतलं न्हाई. गड्यांचं झालं का, पाव्हण्यांचं झालं का. आता बी घरात तसंच हाय. मी, वैष्णवी, हे, आमी तिघंबी 'आतव्वा' म्हणतो, मग ती बसती. आमच्या लक्षात बी येत न्हाई आमी म्हणतो ते. शिंकेवानी जातंय तोंडातनं." ती थांबली. "तितं तिला कोण 'आतव्वा' म्हणणार? कुणाचंच जेवण झालं न्हाई म्हणून ती जेवत न्हाई अक्का. धा दिवस झालं."

मग तिला काहीतरी आठवलं. मोबाईलवर तिनं त्या फॉर्मचा फोटो काढून ठेवला होता. तो बोटांनी मोठा केला. भाषा: मराठी. तिच्याच सुरेख अक्षरात.

"असं का लिहिलंस तू?" मी विचारलं. माझा आवाज चढला असणार.

"तसंच लिवायचं असतंय ना," ती म्हणाली. "शाळेत गुर्जींनी मातृभाषा इचारली तर अप्पा म्हणाले, मराठी लिव्ह, आपल्याला हितंच ऱ्हायचंय. तवापास्नं समद्या फारमावर मराठीच लिवते. रेशनच्या बी, वैष्णवीच्या शाळेच्या बी. हात आपोआप लिवतो." तिनं मोबाईल पालथा ठेवला. "सतरा वर्षं मी लोकांची बटणं वडून बघते. माझा एक रकाना वडून बघितला न्हाई."

मालकीण सावित्रम्मा मागं उभ्या होत्या. कधी आल्या ते कळलं नाही. त्या तेलुगू, बोलणं मोजून. हंगामाचे शेवटचे दिवस, दोन शाळांचा माल दुसऱ्या दिवशी जायचा होता. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "आमच्या अम्माजवळ पण शेवटी तेलुगूच राहिली होती. जा तुम्ही दोघी. बटणं मी बघते." आणि खरंच महानंदाच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

विजापूर रोडला पोचलो तेव्हा चंद्रव्वा खोलीत ताटासमोर बसलेली होती. महानंदानं तिला उठवलं, जेवणघरात नेलं, एकेका आजीपाशी उभी केली. चंद्रव्वा विचारायची, "ऊटा?" आणि महानंदा त्या आजीच्या वतीनं सांगायची, "आतव्वा. ह्यांचं पण आतव्वा." चौदा आज्या झाल्या. मग चंद्रव्वा खाली बसली आणि तिनं आमटीत कुस्करून दीड भाकरी खाल्ली. ऋतुराज दारात उभा राहून हे सगळं पाहत होता. त्याचे डोळे भरले होते. तो सारखं म्हणत होता, मला विचारायला हवं होतं. मी म्हटलं, तू काय विचारणार बाबा, कागद मराठी म्हणत होता.

त्यानं भिंतीवर कागद लावला, त्यावर शब्द लिहिले, सगळ्या बायकांना शिकवले. दोन दिवस बरं चाललं. पण कामाच्या बायका पाळीनं बदलायच्या, कुणी विसरायचं, कुणी घाईत 'आत आत' म्हणायचं, तर दुसरी बाई चंद्रव्वाला खरोखरच आतल्या खोलीत नेऊन बसवायची. तिसऱ्या दिवशी ऋतुराजनंच फोन केला. "मावशी, माझं गिऱ्हाईक जातंय, पण सांगतो. आमच्याकडं पूर्वी स्वयंपाकाला राजाबाई होत्या. आता अक्कलकोट रोडला एका निवृत्त सिस्टरांच्या आश्रमात असतात. जागा साधी आहे, कारंजं बिरंजं काही नाही. पण राजाबाई कानडी आहेत."

या वेळी शिवराजनं टेम्पो काढला. चंद्रव्वा पुढं केबिनमध्ये, आम्ही दोघी स्कूटीवर मागं. जागा साधी म्हणजे किती साधी? पत्र्याचा व्हरांडा, एक कडुनिंब, अकरा म्हाताऱ्या. महानंदानं सवयीनं खोलीच्या दाराची कडी ओढली. एकदा सरळ, एकदा तिरकी, आणि कडी खिळ्यांसकट तिच्या हातात आली. मी मनात म्हटलं, गेलं. रिजेक्ट. घरी चला.

तेवढ्यात आतून राजाबाई आल्या, जाडजूड, कोपरापर्यंत पिठाचे हात. चंद्रव्वानं त्यांच्याकडं पाहिलं. हात थरथरत वर गेला.

"ऊटा?"

"इन्ना इल्लव्वा," राजाबाई म्हणाल्या. अजून नाही, आई. आणि पदरानं घाम पुसता पुसता त्यांनी उलट विचारलं, "निंद आत?" तुझं झालं?

चंद्रव्वा थबकली. तेरा दिवसांत, कदाचित त्याहून जास्त काळात, तिला कुणी उलट विचारलं नव्हतं. आम्ही सगळे तिला 'आतव्वा' म्हणत आलो, म्हणजे महानंदाच्या घरचे म्हणत आले, पण तुझं झालं का, हे तिलाही कुणी विचारायचं असतं. ती हळूच म्हणाली, "इल्ला." नाही. मग राजाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि दोघी चुलीपाशी गेल्या. जरा वेळानं मी डोकावले. राजाबाई भाकरी थापत होत्या आणि चंद्रव्वा पाटावर बसून गरम भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून खात होती. मधूनच काहीतरी सांगत होती. मला एक अक्षर कळलं नाही, पण ती रागावलेली नव्हती एवढं नक्की.

महानंदा व्हरांड्यात कडी हातात घेऊन उभी. शिवराजनं टेम्पोतून स्क्रू आणि पेचकस आणला, तिच्या हातातली कडी घेतली आणि बसवून टाकली. मग बाजूला होऊन म्हणाला, "वड आता." तिनं ओढली. दोनदा. कडी हलली नाही.

सिस्टरांनी फॉर्म दिला. महानंदानं सगळे रकाने भरले आणि भाषेपाशी तिचा हात अडला. मी बघत होते. हात सवयीनं 'म' काढायला गेला होता, थेंबभर शाईही उमटली. तिनं त्या ठिपक्यापुढं लिहिलं, कन्नड. जन्मात पहिल्यांदा. मग सवयींच्या रकान्यात लिहिलं, 'ऊटा विचारल्यावर उत्तर द्यावे. तिलाही विचारावे.' आणि कागद दोनदा वाचला.

परत येताना ऊन उतरलं होतं. शिवराज भाड्याला गेला आणि महानंदा माझ्या मागं बसली. जुना अक्कलकोट नाका मागं पडला तेव्हा माझ्या पाठीला तिचं डोकं लागलं. मला वाटलं रडतेय. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो, शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं सांगितलं, "मावशी, मागच्या काकू झोपल्यात. सांभाळून." मी एका हातानं तिचे दोन्ही हात माझ्या पोटाशी घट्ट धरले आणि दुसऱ्या हातानं वीसच्या वेगानं स्कूटी घरापर्यंत नेली. मागून जो तो हॉर्न वाजवत होता. वाजवू दे म्हटलं. तीन महिन्यांची झोप आहे, सिग्नलवर कशी मोडणार?

ही जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आता शाळा सुरू झाल्या, हंगाम संपला. महानंदा दर रविवारी आईकडे जाते आणि मधल्या एका दिवशी कामावरून थेट. चंद्रव्वाचं ब्लाउज परत अंगाला बसायला लागलं आहे. तिथं आणखी तीन कानडी आज्या निघाल्या, त्या एकमेकींना दिवसभर जेवण विचारतात. जेवण झालं तरी विचारतात. चुलतभावाचं गाव अजून नावं ठेवतं म्हणे, ठेवू दे. वैष्णवी म्हणते, आजीला आता माझं नाव आठवत नाही, पण मी जेवले का ते आठवतं. चालेल की.

मी मात्र महिनाभर तिकडं गेले नव्हते. तोंड नव्हतं मला. महानंदाकडून 'आतव्वा' शिकून घेतलं होतं, कटिंग करता करता पुटपुटत बसायचे. ती मधूनच टेबलापाशी येऊन विचारायची, "वच्छलाक्का, ऊटा?" आणि मी पहिल्या दोनतीन वेळा खरंच उठले. सगळं युनिट हसलं.

गेल्या रविवारी गेले. महानंदा आईसाठी शेंगाचटणी कुटून घेऊन चालली होती, मला म्हणाली, चला. व्हरांड्यात जेवणं चालली होती. चंद्रव्वा ताट घेऊन बसलेली, भाकरीला अजून हात लावलेला नव्हता. मी तिच्यासमोर सतरंजीच्या कडेला टेकले. तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. मला ओळखलं असं मी म्हणणार नाही. हात वर आला.

"ऊटा?"

'आतव्वा' जिभेवर तयार होतं. महिनाभर घोटलेलं. पण खरं सांगायचं तर मी जेवले नव्हते. रविवारी एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, सकाळी चहात दोन खारी बुडवून खाल्ल्या होत्या, तेवढंच. अजिंक्यचा रोज फोन येतो. गोळी घेतली का, बीपी बघितलं का, सगळं विचारतो बिचारा. जेवलीस का, हे मला किती दिवसांत कुणी विचारलं नव्हतं? आणि ही बाई दोन वर्षं विचारत होती.

"इल्लव्वा," मी म्हटलं.

तिला पटकन कळलं. ती सरकली, माझ्या पदराला धरून मला आपल्या बाजूला ओढलं आणि म्हणाली, "कुंद्रु."

मी महानंदाकडं पाहिलं. "आता हे काय म्हणते?"

"बसा म्हणती," महानंदा म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, ते तिनं पुसले नाहीत.

दोन वर्षं जिच्या शब्दावर मी उठून जात होते, तिच्या शब्दावर मी बसले. चंद्रव्वानं आपली भाकरी थरथरत्या हातानं मोडली आणि मोठा तुकडा माझ्या पुढ्यात ठेवला. भाकरी कडेला जरा करपली होती. मी तो तुकडा संपवेपर्यंत ती बघत होती, आणि मग तिनं आपला घास घेतला.